हंगामी कारखाने वगळून

वाशीम जिल्ह्यात विमा म्हटले की आधी पीक आठवते. सोयाबीनचा हप्ता भरला का, मुदत कधीपर्यंत आहे, पंचनामा झाला का, ही भाषा शेतकऱ्याच्या घरात मुरलेली आहे. माणसाच्या शरीराचा विमा त्या मानाने नवा, आणि त्याविषयी विचारले जाणारे प्रश्न सगळीकडे जवळपास सारखेच आहेत. कार्डावर कोणते आजार बसतात? भरती न होता नुसती औषधे घेतली तर पैसे मिळतात का? दाढ काढली, कीड भरून घेतली, कवळी बसवली, तर ते त्यात येते का? आधीपासूनचा मधुमेह चालतो का? पांढऱ्या रेशनकार्डवाल्याने काय करायचे? दवाखान्यातला आरोग्यमित्र किंवा कंपनीचा एजंट यांची उत्तरे देतो आणि ती बहुतेक वेळा बरोबरही असतात. पण 'नियमच तसा आहे' या वाक्यापाशी ती संपतात. नियम तसा का झाला आणि तो लिहिताना कोणता माणूस डोळ्यांपुढे होता, हे विचारायला इतिहासात जावे लागते. तिथे गेल्यावर मला जे दिसते ते असे. भारतातल्या आरोग्य विम्याला दोन दारे होती. एका दाराशी कारखान्याचे हजेरीपत्रक तपासले जाई, दुसऱ्या दाराशी दवाखान्यातली खाट. वाशीमचा कष्टकरी पहिल्या दारातून कायद्याच्या शब्दांनीच बाहेर राहिला, दुसऱ्या दारातून फार उशिरा आत आला, आणि त्याचे दात दोन्ही दारांच्या बाहेर राहिले.

वाशीम ही वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी, पण तिचा आधुनिक इतिहास कापसाने घडवला. १८५३ मध्ये निजामाचे वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली गेले आणि पुढच्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इथल्या काळ्या मातीला एकाएकी भाव आला. त्या काळी बासीम, म्हणजेच वाशीम, हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळला जोडले गेले, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. मधल्या काळात कारंजा ही कापसाची नावाजलेली पेठ होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद रुळांचा मार्ग, ज्यावरच्या गाडीला लोक शकुंतला म्हणत, कारंज्यावरून गेला तो कापसासाठीच. कापूस आला की सरकी वेगळी करणारे जिन आले, रुई दाबून गाठी बांधणारे प्रेस आले. दिवाळीनंतर भोंगे सुरू होत आणि शिमग्याच्या आसपास थंडावत. त्या चार महिन्यांत शेकडो बाया-माणसे रुईच्या धुळीत उभी राहात, उरलेले आठ महिने तीच माणसे शेतात निंदण-वेचणीला जात किंवा गाव सोडून जात. हे सारे तपशिलात सांगण्याचे कारण एवढेच की पुढे कायद्याने 'कामगार' कोणाला म्हणायचे हे ठरवले, तेव्हा या वेळापत्रकानेच त्यांचा घात केला.

१९३४ च्या कारखाने कायद्याने कारखान्यांचे दोन वर्ग केले होते, बारमाही आणि हंगामी. बारमाही कारखान्यात प्रौढ कामगाराचा आठवडा ५४ तासांचा, हंगामी कारखान्यात ६० तासांचा. हंगामी कोणते, तर कापसाची जिनिंग, कापूस किंवा ताग यांचे प्रेसिंग, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, चहा. शेतमाल नासू नये, हंगाम छोटा आहे, तेव्हा जास्त तास राबवू द्या, असा मालकांच्या सोयीचा विचार त्यामागे होता. म्हणजे या यादीचा जन्म कामगाराच्या तब्येतीचा विचार करताना झालेला नाही. ती होती तास वाढवून देण्यासाठीची सवलत. हे नीट लक्षात ठेवायला हवे, कारण चौदा वर्षांनी तीच यादी थोडी वाढून आजारपणाच्या विम्यात येऊन बसली.

आरोग्य विम्याचा पहिला गंभीर भारतीय आराखडा १९४३-४४ मधला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या खात्याने अर्थशास्त्रज्ञ प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. आडारकरांनी कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन उद्योगांपुरती, तीही बारमाही कारखान्यांपुरती योजना सुचवली. त्यांचा हेतू कोता नव्हता. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्जने १९११ मध्ये जो विमा आणला, तो पगारातून कापून घ्यायच्या वर्गणीवर उभा होता. वर्गणी कापायची तर दरमहा पगार हवा, पगाराची नोंद हवी, नोंद ठेवणारा मालक हवा. हाती जे यंत्र होते त्याने जिथपर्यंत पोहोचता येईल तिथपर्यंत आडारकर गेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी पुढे त्यांच्या अहवालाची छाननी केली, उद्योगांची मर्यादा सैल झाली आणि १९ एप्रिल १९४८ रोजी कर्मचारी राज्य विमा कायदा संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबईला आली. नागपूरच्या गिरणी कामगाराला दवाखाना, आजारपणाचा भत्ता, बाळंतपणाचा भत्ता मिळू लागला. त्याच्या गिरणीत जी रुई जात होती ती सरकीपासून वेगळी करून देणारी कारंज्याची बाई मात्र कायद्यात नव्हती. कायदा सर्व कारखान्यांना लागू होता, हंगामी कारखाने वगळून. आणि हंगामी म्हणजे कोणते, हे सांगताना पहिलेच नाव होते कापसाच्या जिनिंगचे. प्रेसिंग होते, भुईमुगाच्या शेंगा फोडणे होते, गुळासह साखर होती. वाशीमच्या शेतमालावर जी जी प्रक्रिया त्या काळी होत होती, ती जवळपास सगळी त्या एका वाक्यात सापडते.

योगायोग असा की १९४८ मध्येच नवा कारखाने कायदाही आला आणि त्याने बारमाही-हंगामी हा भेद काढून टाकला. कामाच्या तासांपुरता जिनमधला मजूर आणि गिरणीतला मजूर सारखा झाला. आजारपणापुरता मात्र झाला नाही. एकाच वर्षी एकाच सरकारने केलेले हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले की वाटते, हंगामी कामगाराला वगळणे हा निसर्गनियम असता तर तो दोन्हीकडे दिसला असता. यावर एक रास्त आक्षेप आहे. चार महिने वर्गणी देणाऱ्याला बारा महिने लाभ कसा द्यायचा? विमा निधी बुडणार नाही का? सुरुवातीच्या काळात, जेव्हा वर्गणीची तिकिटे कार्डावर चिकटवली जात होती, तेव्हा हा हिशोब अवघड होता हे मान्य करायला हवे. पण आजचा नियम पाहा. आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी पुरते, आणि त्यातला एक काळ ऑक्टोबर ते मार्च असा आहे. दिवाळी ते शिमगा हा जिनिंगचा हंगाम नेमका त्यात मावतो. आठवड्याला एक सुटी धरली तरी चार महिन्यांत शंभरच्या आसपास हजेऱ्या भरतात. म्हणजे ज्या कारणासाठी वगळले, ते कारण योजनेच्या स्वतःच्याच गणिताने केव्हाच निकालात निघाले आहे. तरीही २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत जुना कायदा विलीन करताना हंगामी कारखान्याचा अपवाद तसाच उचलून नव्या परिशिष्टात ठेवला गेला. मालकांच्या तासांसाठी १९३४ मध्ये केलेली वर्गवारी अशी नव्वद वर्षे टिकून आहे.

आडारकर लिहीत होते त्याच काळात दुसरी एक वाटही कागदावर उतरत होती. जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४६ मध्ये दिलेला अहवाल सांगत होता की वैद्यकीय मदत पैशाअभावी कोणालाही नाकारली जाऊ नये आणि खर्च करांतून व्हावा. समितीची नजर खेड्यावर होती. प्राथमिक आरोग्य केंद्र ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी कल्पना त्या अहवालातून आली. त्यात हजेरीपत्रक लागत नव्हते, हंगाम मोजावा लागत नव्हता. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसारही सुमारे बारा लाखांतले शंभरी ८२ लोक खेड्यात राहतात, त्याला हीच वाट सोयीची होती. देशाने दोन्ही वाटा एकदम धरल्या. विम्याच्या वाटेवर कायदा आणि निधी होता, म्हणून ती लवकर पक्की झाली. भोरांची वाट दर अर्थसंकल्पात थोडी थोडी मिळत गेली. वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२४ मध्ये. तोवर मोठा आजार म्हणजे अकोला, त्याहून मोठा म्हणजे नागपूर, हा रिवाज होता.

दातांची गोष्ट याहून वेगळी आणि, मला वाटते, अधिक बोलकी आहे. दंतवैद्यांचा कायदा २९ मार्च १९४८ चा, म्हणजे कामगार विमा कायद्याच्या फक्त तीन आठवडे आधीचा. त्याने दंतवैद्यांची वेगळी परिषद केली, वेगळी नोंदवही केली. नोंदवहीचा दुसरा भाग ज्यांच्याकडे पदवी नाही पण जे निदान पाच वर्षे हाच धंदा करत आले आहेत त्यांच्यासाठी ठेवला, कारण गावोगाव दात काढणारे तेच होते. कायदा आवश्यक होता. पण त्यामागची कल्पना बाहेरून आलेली होती. अमेरिकेत १८४० मध्ये बाल्टिमोरला दातांचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले, तेव्हापासून दात काढणारा एक आणि बाकी शरीर पाहणारा दुसरा अशी फाळणी जगभर रूढ झाली. त्या फाळणीवरच पुढे विम्याच्या अटी उभ्या राहिल्या. आपल्याकडे विदर्भात शासकीय दंत महाविद्यालय नागपुरात १९६० च्या दशकाच्या अखेरीला झाले. त्या पिढीच्या वाशीमकराला पदवीधर दंतवैद्य बघायचा म्हणजे प्रवास आला. गावात लवंगेचे तेल होते, वैदू होता, आणि दुखऱ्या दाढेखाली दाबून ठेवायला तंबाखूची चिमूट होती. या शेवटच्या उपायाकडे मला पुन्हा यावे लागणार आहे.

विमा कंपन्या दात का वगळतात याचे पाठ्यपुस्तकी उत्तर असे. विमा अनपेक्षित, क्वचित घडणाऱ्या आणि मोठ्या खर्चासाठी असतो. घर रोज जळत नाही म्हणून घराचा विमा परवडतो. दात मात्र प्रत्येकाचे किडतात, खर्च लहान असतो, आणि उपचार पुढे ढकलता येतो. विमा घेतल्याबरोबर लोक साठवून ठेवलेली सगळी दातदुखी घेऊन येतील आणि हप्ता वाढेल. या युक्तिवादात तथ्य आहे आणि ब्रिटनचा अनुभव त्याला पुष्टी देतो. १९४८ मध्ये तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कवळी फुकट होती. मागणी एवढी उसळली की १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यावर आकार बसवला गेला, आणि त्या कारणाने ती सेवा उभी करणाऱ्या अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिमंडळ सोडले. पण हाच प्रसंग उलट बाजूनेही वाचता येतो. ती गर्दी चैनीची नव्हती. वर्षानुवर्षे दातांविना जेवणाऱ्या कष्टकऱ्यांची ती थकबाकी होती. शिवाय १९५४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या मुलांसाठी दातांची सामुदायिक योजना मिळवली आणि तिथून त्या देशात दातांचा विमा वाढला. तेव्हा दात विम्यात बसत नाहीत हे विधान अपुरे आहे. ज्यांच्यामागे संघटना होती, त्यांच्या मुलांचे दात बसले.

आपल्याकडे सर्वसाधारण विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून झाले आणि त्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणला. आजही लोक कोणत्याही आरोग्य विम्याला मेडिक्लेमच म्हणतात, इतकी त्या पहिल्या पॉलिसीची छाप पडली. चोवीस तास भरती हवी, बाह्यरुग्ण तपासणी नाही, दातांचा उपचार अपघातामुळे भरती व्हावे लागले तरच, या अटी तिथल्याच. २०२० मध्ये विमा नियामकाने सर्व कंपन्यांना विकायला लावलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत आजारामुळे किंवा इजेमुळे गरजेचा झालेला दातांचा उपचार आला, पण तोही भरतीच्या चौकटीत. जुन्या आजाराचा प्रश्न पुष्कळ सुटला आहे. २०२४ पासून प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा झाला, आणि पाच वर्षे सलग हप्ता भरलेल्याला, फसवणूक सोडली तर, आधी सांगितले नव्हते म्हणून दावा नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के वस्तू-सेवा करही गेला. या सुधारणा चांगल्याच आहेत. पण पगाराच्या खात्यातून दरमहा कापल्या जाणाऱ्या हप्त्याची सवय ज्याला आहे, त्याच्यासाठी त्या आहेत. ज्याच्या हाती वर्षातून एकदा, सोयाबीन विकल्यावर, रोकड येते आणि तीही आधी उधारीत जाते, त्याच्या वर्षाचा आकार या कागदांत कुठेच नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या जवळपास ८६ जणांना कोणतेच आरोग्य संरक्षण नव्हते. एजंट खेड्यात पोहोचला नाही, एवढ्या कारणाने हा आकडा समजत नाही.

इथे कोणी म्हणेल, शेतमजुराचा विमा कोणालाच जमलेला नाही, मग कायद्याला दोष का द्यायचा? जमलेला आहे, आणि तोही विदर्भातच. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातून डॉ. उल्हास जाजू यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आसपासच्या गावांत ज्वारीचा विमा उभा केला. वर्गणी पैशात नव्हती, सुगीला ज्वारीत होती. किती द्यायची ते घराच्या ऐपतीवर ठरे, जमीनवाला जास्त देई, मजूर कमी. लाभ मात्र गरजेप्रमाणे. आणि गावातली सुमारे तीन-चतुर्थांश घरे सामील झाल्याशिवाय ते गाव योजनेत घेतले जात नसे, म्हणजे फक्त आजारी माणसेच वर्गणी भरतील ही विमेवाल्यांची नेहमीची भीती गावाच्या एकीनेच निकालात काढली. ज्यांना बलुत्याची रीत माहीत आहे त्यांना यातले नाते लगेच ओळखू येईल. वर्षभर सेवा घ्यायची आणि खळ्यावर धान्य मोजून द्यायचे, हा हिशोब वऱ्हाडाच्या खेड्याने पिढ्यान्‌पिढ्या केला होता. बलुत्यातली जातीची उतरंड जाजूंनी घेतली नाही, फक्त वेळापत्रक घेतले. हंगाम ही अडचण न मानता त्यावरच योजना बांधली तर ती चालते, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. ती सेवाग्रामपुरती राहिली, कारण तिच्या मध्यभागी सेवाभावी रुग्णालय होते आणि तसे रुग्णालय प्रत्येक तालुक्यात नसते. ही मर्यादा खरी आहे. पण वर्गणीचा प्रश्न तिने सोडवला होता, आणि १९४८ मध्ये अडचण म्हणून पुढे केला गेला तो वर्गणीचाच प्रश्न.

दुसरे दार उघडले ते सरकारी योजनांनी. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण होते, नोंदणी ३० रुपयांत. मग २ जुलै २०१२ रोजी राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी, दीड लाख रुपयांपर्यंत, ९७२ उपचारांची. पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत अमरावती, गडचिरोली, नांदेड होते, वाशीम नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर गेली तेव्हा वाशीमचा नंबर लागला. पांढऱ्या कार्डाच्या प्रश्नाचे उत्तर या जिल्ह्यात एका दुःखातून मिळाले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेले चौदा जिल्हे, मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा, पुढे वेगळे धरले गेले आणि तिथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून योजनेचा लाभ खुला झाला. त्या सहांत वाशीम आहे. कारखान्याचे हजेरीपत्रक ज्याच्याकडे कधी नव्हते त्याला अखेर त्याच्या जमिनीच्या उताऱ्याने आत घेतले, पण त्यासाठी आधी शेजारपाजारच्या किती घरांतला कर्ता जावा लागला, हे विसरून या सोयीबद्दल बोलता येत नाही. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्या मजुराला पुन्हा रेशनकार्डाच्या रंगावरच अवलंबून राहावे लागले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, दोन्ही जोडल्या गेल्या, आणि जुलै २०२३ च्या निर्णयाने, १ जुलै २०२४ पासून प्रत्यक्षात, रंगाचा भेद मिटून राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले.

विमा कंपनी मध्ये असली की काय होते याचा एक धडा याच काळात शासनाने स्वतः गिरवला. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याची योजना २००५ च्या सुमारास सुरू झाली, पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले. अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये. सर्पदंश, वीज, विहिरीत पडणे, हे या जिल्ह्यातल्या शेतीचे रोजचे धोके तिने ओळखले होते. पण दावे त्रुटी काढून परत येत, वेळेत निकाल लागत नसत. २०२३ मध्ये शासनाने कंपनीला बाजूला केले आणि ही मदत थेट सानुग्रह अनुदान म्हणून द्यायला सुरुवात केली. जिथे लाभार्थी विखुरलेले आणि कागद जमवायला कमजोर आहेत, तिथे विम्यापेक्षा सरळ सेवा किंवा सरळ मदत बरी, हा भोर समितीचाच विचार होता. तो पाऊणशेहून अधिक वर्षांनी अनुभवाने परत आला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. सगळ्यांना पाच लाख मिळाले, मग जुनी यादी उगाळायची कशाला? कारण पाच लाखांचा आकडा भरती झालेल्या माणसासाठी आहे. आयुष्मान भारतमध्ये भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुटीनंतरचे पंधरा दिवस धरले जातात, त्यापलीकडे नाही. मधुमेहाची महिन्याची गोळी, रक्तदाबाची तपासणी, मुलाचा ताप, दाढेचा ठणका यांना खाट लागत नाही, म्हणून पॅकेज नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय हिशोबात एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांच्या थेट खिशातून गेला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, तेव्हा घट मोठी आणि समाधानाची आहे. पण उरलेल्यातला पुष्कळ भाग किरकोळ वाटणाऱ्या खर्चाचा आहे, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला हाच खर्च दर महिन्याला गाठतो. दाढ दाखवायला तालुक्याला जायचे तर एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि उपचाराचे पैसे असा तिहेरी भुर्दंड बसतो. तो टाळण्याचा उपाय एकच, न जाणे. दातांपुरते तर मी म्हणेन की विम्याचा हट्ट सोडावा आणि ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य, खुर्ची, सिमेंट आणि भुलीचे इंजेक्शन वर्षाचे बारा महिने असेल एवढेच पाहावे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून कागदावर आहे, शाळा-अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीत दातांची कीड २०१३ पासून आहे. कीड शोधायची सोय झाली, ती भरून द्यायची सोय त्याच वेगाने झाली नाही.

विदर्भात या दिरंगाईची किंमत फार जड पडते. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा इथल्या पानठेल्यावर मिळतो, शेतावर, बांधकामावर, तांड्यावर तो चघळला जातो. २०१२ मध्ये राज्याने गुटखाबंदी केली तरी ही सवय मोडली नाही. पुष्कळांचा तंबाखूशी पहिला संबंध दुखऱ्या दाढेमुळे येतो, आणि दाढ दाखवायची सोय नसल्याने तो तुटत नाही. मग गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, तोंड उघडेनासे होते, जखम भरत नाही. हाच माणूस कर्करोग घेऊन अकोल्याला किंवा नागपूरला भरती झाला की योजना त्याच्यामागे खंबीर उभी राहते. जबड्याची शस्त्रक्रिया, किरण, केमो, सगळे कार्डावर होते, आणि ते व्हायलाच हवे. तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड तपासण्याचा कार्यक्रमही देशात आहे. बॅटरी आणि लाकडी पट्टी घेऊन उपकेंद्रातली परिचारिका ते पाच मिनिटांत करू शकते. चट्टा दिसला तर पुढे दंतवैद्याकडे पाठवायचे. तो दंतवैद्य मानोऱ्याला, मालेगावला, रिसोडला, कोणत्या वारी बसतो आणि त्याच्याकडे गेलेल्याची त्या दिवसाची मजुरी कोण भरून देतो, हे दोन प्रश्न मात्र कार्डामागे छापलेल्या माहितीत नाहीत.